पटकीची लस सुईने नाही, तोंडानेच का

२०२४ च्या पावसाळ्यात गोव्यात, सासष्टीतल्या कुटबण जेटीवर, ट्रॉलरवर काम करणाऱ्यांमध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ पसरली आणि आपण इतिहासजमा मानलेला रोग पुन्हा दारात येऊन उभा राहिला. अशा वेळी पहिली चौकशी होते ती लसीची. लस आहे. पण ती टोचत नाहीत, पाजतात. दंडात सुई मारून का भागत नाही, हे एकदा नीट समजलं की ती कधी द्यायची, किती वेळा द्यायची, लहान मुलांत कमी का चालते, हे प्रश्नही बरेचसे सुटतात. म्हणून इथे तेवढाच एक धागा धरून चालू.

गोव्याला हा रोग नवा नाही. १५४३ साली गोव्यात आलेल्या अशाच एका साथीचं वर्णन पोर्तुगीज बखरकार गास्पार कोरैया याने लिहून ठेवलंय. पुढे १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात वैद्य गार्सिया द ओर्ता यानेही ओकाऱ्या, जुलाब आणि हाताला न लागणारी नाडी यांची नोंद केली. पोर्तुगीजांच्या तोंडी या रोगाचं नाव होतं ‘मोर्देशी’, म्हणजे आपलीच मोडशी. फ्रेंचांनी त्याचं ‘मोर द शिएं’, कुत्र्याचं मरण, करून टाकलं. आज आपण साध्या अपचनाला मोडशी म्हणतो. त्या शब्दाच्या पोटात केवढं मरण दडलंय याची आठवणही राहिलेली नाही.

आता जंतूकडे. व्हिब्रिओ कॉलरी हा स्वल्पविरामासारखा वाकडा, एका शेपटीचा जंतू. पाण्यातून किंवा अन्नातून पोटात गेला की त्याची पहिली गाठ जठरातल्या आम्लाशी पडते आणि तिथे बहुतेक जंतू मरतात. निरोगी स्वयंसेवकांवरच्या चाचण्यांत असं दिसलं की नुसत्या पाण्यातून दिले तर आजार व्हायला साधारण १० कोटी किंवा त्याहून जास्त जंतू लागतात. तेच सोड्याबरोबर देऊन आम्ल मारलं की १० हजार ते १० लाख पुरतात. म्हणून रोज उपाशीपोटी ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी घेणाऱ्यांनी साथीच्या दिवसांत पाण्याच्या बाबतीत दुप्पट जपायला हवं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. पण पहिला पहारेकरी आपणच झोपवलाय, हे ध्यानात असावं.

आम्लातून वाचलेले जंतू शेपटी फिरवत लहान आतड्यावरच्या बुळबुळीत थरातून पोहत जातात, केसासारख्या तंतूंनी पेशींना चिकटतात आणि विष सोडतात. या विषाचे दोन भाग. पाच तुकड्यांचं ‘बी’ कडं पेशीवरच्या जीएम-१ या रेणूला घट्ट बसतं आणि ‘ए’ भाग आत शिरतो. आत गेला की पेशीतलं सायक्लिक एएमपी, म्हणजे आतला निरोप पोचवणारा रेणू, वाढतं, क्लोराइडची दारं उघडी राहतात आणि मिठामागोमाग पाणी आतड्यात ओतलं जातं. जोरात असेल तर तासाला लिटरभर. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब म्हणतात ते हेच. हे विष असतं, हे १९५९ साली कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचे तुकडे बांधून दाखवून दिलं. एवढ्या मोठ्या शोधाचा मान त्यांना हयातीत फारच थोडा मिळाला, याचं वाईट वाटतं.

इथली मेख अशी की हा सगळा गोंधळ चालू असताना जंतू शरीराच्या आत शिरतच नाही. टायफॉइडचा जंतू आतड्याची भिंत ओलांडून रक्तात जातो. पटकीचा बाहेरच राहतो. चोर घरात न येता बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसून नळ सोडून देतो, असं म्हणा. मग घरातल्या खोल्यांमध्ये, म्हणजे रक्तात, कितीही शिपाई ठेवले तरी त्यांचा उपयोग किती? पहारा बलकांवातच हवा.

पहारा कोणावर ठेवायचा, हा दुसरा प्रश्न. जुलाब विषामुळे होतात, तेव्हा विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली की झालं, असं कुणालाही वाटेल. धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशी तशाच तर आहेत. १९७० च्या दशकात पटकीचं विष निकामी करून तशी लस बनवली, माणसांना दिली, आणि संरक्षण जेमतेम मिळालं. आजार होऊन गेलेल्यांच्या रक्तात विषाविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडं भरपूर असतात, पण ती जास्त म्हणजे पुढचा धोका कमी, असा मेळ बसत नाही.

खरा पुरावा निसर्गानेच दिला. जंतूच्या अंगावर लायपोपॉलिसॅकराइडचं, म्हणजे मेद आणि साखरेच्या साखळ्यांचं, आवरण असतं. या साखरेच्या रचनेवरून जंतूचे २०० हून जास्त गट पडतात आणि साथी येत होत्या त्या ‘ओ-१’ गटाच्या. १९९२ मध्ये मद्रास आणि बंगालकडे ‘ओ-१३९’ हा नवा गट उगवला. विष तेच, चिकटण्याचे तंतू तेच, फक्त साखरेचा अंगरखा बदललेला. पटकीच्या मुलखात लहानपणापासून वाढलेली, ओ-१ ला सरावलेली मोठी माणसं ओ-१३९ ने धडाधड आजारी पडली. त्यांच्याकडे विषाविरुद्धची प्रतिपिंडं होती. ती कामाला आली नाहीत. आपलं शरीर या जंतूला त्याच्या अंगरख्यावरून ओळखतं, याहून स्पष्ट पुरावा शोधूनही सापडायचा नाही.

ही ओळख प्रयोगशाळेत कशी मोजतात ते जरा जवळून बघू. चाचणीचं नाव व्हिब्रिओसायडल चाचणी. माणसाचं सीरम आधी ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवतात, कारण त्यातलं स्वतःचं कॉम्प्लिमेंट, म्हणजे जंतूला भोक पाडणारी प्रथिनं, मारून टाकायची असतात. मग ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये सीरम ओळीने दुप्पट-दुप्पट पातळ करत नेतात. प्रत्येक खळग्यात जोमाने वाढणाऱ्या अवस्थेतले जंतू आणि गिनीपिगच्या रक्तातलं कॉम्प्लिमेंट घालून प्लेट तासभर ३७ अंशांवर ठेवतात. त्यानंतर पोषक द्रव घालून पुन्हा काही तास. जिथे प्रतिपिंडांनी कॉम्प्लिमेंटला बोलावून जंतू मारले तिथे द्रव नितळ राहतो, बाकी खळगे गढूळ होतात. गढूळपणा निम्म्याहून कमी ठेवणारं शेवटचं पातळ प्रमाण म्हणजे त्या माणसाचा टायटर. लशीनंतर तो चौपट किंवा जास्त वाढला तर शरीराने दखल घेतली असं मानतात.

चाचणी साधी दिसते, फसते मात्र चटकन. जंतूंचं कल्चर जास्त वेळ वाढलेलं असेल तर ते मारायला जड जातं आणि टायटर खोटा कमी येतो. कॉम्प्लिमेंट गोठवून-वितळवून पुन्हा गोठवलं की त्याचा दम जातो. उलट ते जास्त पडलं तर सीरम नसतानाही जंतू मारतं, म्हणून सीरम न घातलेले खळगे शेजारी असावेच लागतात. ओ-१३९ च्या अंगावर वरून आणखी एक कवच असतं, त्यामुळे त्याची चाचणी मुळातच किचकट.

तरीही हा टायटर म्हणजे संरक्षण नव्हे. टायटर जितका जास्त तितका धोका कमी, इतकं खरं; पण अमुक आकड्याच्या वर गेलात की पटकी होणारच नाही, अशी रेघ कुठेच सापडलेली नाही. कारण आपण रक्तात डोकावतोय आणि लढाई आतड्यात चाललीय. रक्तातली ही प्रतिपिंडं, त्यातही मुख्यतः आयजीएम, आतड्यात घडलेल्या गोष्टीची सावली आहेत.

आतड्यात घडतं ते असं. आतड्याच्या अस्तरात पायर्स पॅचेस नावाच्या पेशींच्या वसाहती असतात. त्यांच्यावरच्या एम पेशी आतड्यातला माल चाखून आत पोचवतात. तिथे प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना जंतूच्या अंगरख्याची ओळख पटते, त्या वाढतात आणि आयजीए, म्हणजे आतड्यात कामाला येणारी प्रतिपिंडं, बनवायला शिकतात. मग गंमत होते. या पेशी जागच्या जागी बसत नाहीत; लसिकावाहिन्यांतून रक्तात येतात, फेरी मारतात आणि अंगावरच्या अल्फा-४ बीटा-७ या खुणेच्या आधाराने पुन्हा आतड्यातच घर शोधतात. संसर्गानंतर साधारण ७ व्या दिवशी रक्त काढलं तर या परतीच्या वाटेवरच्या पेशी सापडतात. मागाहून काढलं तर वाट मोकळी. दंडात टोचलेल्या लशीने तयार होणाऱ्या पेशींच्या अंगावर आतड्याची ही खूण सहसा नसते. लस तोंडानेच का, याचं नेमकं उत्तर ते हेच.

घरी परतलेल्या पेशी जोडीजोडीने बांधलेलं आयजीए सोडतात आणि अस्तराच्या पेशी ते पाठीवर घेऊन आतड्याच्या पोकळीत नेऊन ठेवतात. तिथे ते जंतूंचे गठ्ठे बांधतं. शिवाय या जंतूच्या शेपटीवरही त्याच साखरेच्या आवरणाचं म्यान चढवलेलं असतं, त्यामुळे अंगरखा ओळखणारी प्रतिपिंडं शेपटीलाच पकडतात. शेपटी अडकली की पोहणं थांबलं. पोहणं थांबलं की बुळबुळीत थर ओलांडता येत नाही. जंतूला मारावंच लागतं असं नाही, थांबवलं तरी पुरे.

ही ओळख टिकते किती? पटकीतून बरे झालेल्या स्वयंसेवकांना पुन्हा जंतू पाजून पाहिलं तेव्हा निदान ३ वर्षं भक्कम संरक्षण दिसलं. व्हिब्रिओसायडल टायटर मात्र १०–१४ दिवसांत शिखर गाठून वर्षभरात जवळपास मूळ पातळीवर येतो. म्हणजे रक्त विसरलं तरी आतडं विसरलेलं नसतं. काही काम स्मृतिपेशी करतात. पण पटकी १२ तासांपासून ५ दिवसांत गाठते आणि स्मृतिपेशींना जागं होऊन कामाला लागायला काही दिवस जातात. तेव्हा नुसत्या स्मृतीवर भागत नसावं, आतड्याच्या भिंतीत ठाण मांडून बसलेल्या, आयजीए गाळत राहणाऱ्या पेशीच खऱ्या कामाच्या, असं माझं मत आहे.

सुईचा इतिहास यावर बेतून पाहा. वाल्डेमार हाफकिन याने १८९२ मध्ये पॅरिसला स्वतःलाच लस टोचून घेतली आणि १८९४ पासून कलकत्त्यात ती वापरली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. पंढरीच्या वारकऱ्यांना पटकीची सुई टोचत, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. दंड सुजायचा, ताप यायचा, आणि संरक्षण सुमारे निम्मं, तेही काही महिने. ते निम्मंसुद्धा अशा मुलखात, जिथे लोकांच्या आतड्यांना जंतूची आधीच ओळख होती आणि सुई ती ओळख तेवढी जागी करत होती. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रवाशांसाठी ही लस सक्तीची ठेवण्याची अट काढून टाकली.

पाजायच्या लशीची मोठी परीक्षा १९८५ साली बांगलादेशात मतलब इथे झाली. एका गटाला मारलेले जंतू, दुसऱ्याला मारलेले जंतू अधिक विषाचा निरुपद्रवी ‘बी’ भाग. पहिल्या ६ महिन्यांत दुसरा गट सरस ठरला, ८५ टक्के विरुद्ध ५८. तीन वर्षांचा हिशेब काढला तेव्हा दोन्ही ५० टक्क्यांच्या आसपास. विषाविरुद्धचं संरक्षण सुरुवातीला जोर लावतं आणि ओसरतं. टिकतं ते अंगरख्याविरुद्धचं. ‘बी’ भाग आम्लाने मोडतो म्हणून त्या लशीला सोड्याचं पाणी लागतं, तो काढून टाकला की लस स्वस्त आणि सुटसुटीत होते. व्हिएतनामने हाच मार्ग धरला, पुढे त्यात सुधारणा होऊन हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची शांकॉल २००९ मध्ये भारतात आली. कोलकात्याच्या चाचणीत तिचे दोन डोस ५ वर्षांत सुमारे ६५ टक्के संरक्षण देऊन गेले. शांकॉल आता बनत नाही. दक्षिण कोरियाची युविकॉल प्लस प्लास्टिकच्या नळीत येते, आणि भारत बायोटेकची हिलकॉल २०२४ मध्ये बाजारात आली.

शांकॉलच्या दीड मिलिलिटर डोसात पाच प्रकारे तयार केलेले मेलेले जंतू असत, काही उष्णतेने मारलेले, काही फॉर्मालिनने, आणि प्रत्येकाचं माप लिहिलेलं असे लायपोपॉलिसॅकराइडच्या एककांत. जंतू किती घातले यापेक्षा अंगरखा किती घातला, हे मोजतात. ओ-१ चे ओगावा आणि इनाबा हे दोन उपप्रकार साखळीच्या टोकावरच्या एका मिथाइल गटाने वेगळे होतात, म्हणून लशीत दोन्ही लागतात. हिलकॉलमध्ये हिकोजिमा नावाची एकच जात वापरली आहे, कारण तिच्या अंगावर दोन्ही खुणा असतात.

आता लहान मुलांचं. दोन डोसांनंतर पाच वर्षांवरच्यांना सरासरी ६४ टक्के संरक्षण मिळतं, पाचाखालच्यांना ३०. ढाक्यात एकच डोस देऊन पाहिलं तेव्हा मोठ्यांना निम्म्याहून जास्त मिळालं, पाचाखालच्यांना १६ टक्के, म्हणजे नसल्यासारखंच. साखरेच्या साखळ्यांना उत्तर देणं मुलांच्या शरीराला उशिरा जमतं. शिवाय त्यांच्या आतड्याला जंतूची आधीची ओळख नसते, त्यामुळे एक डोस हा त्यांच्यासाठी पहिला धडा असतो, उजळणी नव्हे. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईच्या दुधातलं आयजीए आजारापासून वाचवतं; साथीत दूध तोडू नये ते यासाठीही.

हाच फरक मोठ्यांनाही लागू होतो आणि गोव्याला तो नीट लक्षात घ्यायला हवा. जिथे पटकी सतत असते तिथल्या माणसाचं आतडं आधीच शिकलेलं असतं, त्याला एक डोस बऱ्यापैकी चालतो. गोव्यात वाढलेल्या बहुतेकांना हा जंतू कधी भेटलेलाच नाही. त्यांनी दोन डोसांपेक्षा कमीवर विसंबू नये. २०२२ च्या ऑक्टोबरपासून जगभर साथींमध्ये एकच डोस द्यायला लागले ते साठा कमी पडला म्हणून, एक डोस पुरतो असं नव्यानं कळलं म्हणून नाही.

जेटीवर द्यायची वेळ आली तर काय सांभाळायचं? कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची, पण गोठवायची नाही. बर्फाच्या लादीला टेकलेली कुपी गोठून बिघडू शकते. द्यायच्या आधी चांगली हलवायची, कारण मेलेले जंतू तळाशी बसतात आणि वरचं नितळ पाणी पाजून काहीच होत नाही. चव नकोशी असते, माशाच्या वासाकडे झुकणारी, मुलं थुंकतात. तेव्हा कुपी जिभेच्या मागच्या बाजूला रिकामी करून वर दोन घोट पाणी द्यावं, आणि देणाऱ्याने समोरचा गिळेपर्यंत पाहावं. पहिल्या डोसानंतर निदान ७ ते १० दिवस तरी माणूस उघडाच असतो, म्हणून साथ भरात आल्यावर आणलेली लस आजच्या रुग्णांना वाचवत नाही, पुढच्या पंधरवड्यातल्यांना वाचवते.

पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारी बंदी ३१ जुलैला उठते, बाहेरगावचे कामगार त्या सुमारास येतात, आणि ऐन पावसात दाटीवाटीने होडीवरच राहतात. दोन डोसांत १४ दिवसांचं अंतर हे कमीत कमी आहे. जास्त झालं, चार आठवडे झाले, तरी शरीराचं उत्तर साधारण तेवढंच येतं. तेव्हा उतरल्या दिवशी पहिला डोस द्यावा, कार्डावर तारीख घालावी आणि दुसऱ्यासाठी होडी पुन्हा धक्क्याला लागेल तो दिवस धरावा. ‘चौदावा दिवस हुकला, आता काय उपयोग’ म्हणून दुसरा डोस सोडून देतात, ती निव्वळ चूक.

आणखी एक चूक निदानाची. जुलाब लागलेल्या माणसाचं रक्त तपासून पटकी ठरत नाही; प्रतिपिंडं चढेपर्यंत तो बरा तरी झालेला असतो किंवा हातचा गेलेला. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी शौचाचा नमुना कॅरी-ब्लेअर या जंतू वाटेत जिवंत ठेवणाऱ्या माध्यमात घालून पाठवावा. टीसीबीएस या जंतू वाढवायच्या माध्यमावर पिवळ्या, चपट्या वसाहती उगवल्या की पुढची खात्री ओ-१ च्या सीरमने करतात. नमुना सुक्या डबीत, उन्हात तापलेल्या गाडीतून गेला तर जंतू वाटेतच मरतात आणि अहवाल ‘नाही’ असा येतो.

आणि ज्याला जुलाब लागलेत त्याच्यासाठी लस, टायटर, आयजीए, सगळं बाजूला. पटकीचं विष क्लोराइडचं दार उघडतं, पण साखर आणि मीठ जोडीने आत घेणारी वाट बंद करत नाही, म्हणूनच ओआरएस चालतं. पाकीट १ लिटरचं असेल तर ते मोजून १ लिटरमध्येच घालावं, अर्ध्यात नाही. घरचं करायचं तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने साखर सपाट ६ चमचे आणि मीठ सपाट अर्धा चमचा. गेलं तेवढं परत द्यायचं, ओकला तरी दहा मिनिटांनी पुन्हा, घोट घोट. डोळे खोल गेले, नाडी लागेना, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहिली, की पाजत बसू नये. शिरेतून रिंगर लॅक्टेटचं सलाइन लागतं, आणि ते मिनिटांच्या हिशेबाने लागतं.